आंब्याचा ढोल

भालकीत भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाई फाटक उघडून बाहेर आल्या, दोन्ही हात मांड्यांवर टेकवले आणि कमरेतून वाकल्या. मला वाटलं, काहीतरी पडलं असेल. म्हणून मीही जमिनीकडे बघायला लागले. जमिनीवर काहीच नव्हतं. बाई तशाच वाकलेल्या. मी बॅग खाली ठेवली, परत उचलली, घसा खाकरून पाहिला. शेवटी मागे सायकल धरून उभा असलेला दूधवाला म्हणाला, "मॅडम, तुमीबी वाका. न्हाईतर त्या उठत न्हाईत. माझी आजून घरं राह्यलेत."

मी वाकले. तेव्हा कुठे त्या सरळ झाल्या आणि काहीच घडलं नसल्यासारखं म्हणाल्या, "खोली वर हाय. पंखा आवाज करतो. बाकी आवाज मी करते."

सगळी भालकी त्यांना टीचर म्हणायची. सरकारी शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि बसस्टँडपासून धान्यबाजाराच्या गंजापर्यंतच्या बहुतेक दुकानदारांनी लहानपणी त्यांच्या तोंडून "आंबा आसा आसतो व्हय रे?" हे ऐकलेलं होतं. मी उदगीरची. बँकेत लागले आणि पहिलीच नेमणूक सीमेपलीकडे, कर्नाटकात, भालकीला झाली. सीमा म्हणजे काय, तर पाट्यांवरची अक्षरं बदलतात. माणसं, पिकं आणि भांडणं तीच. टीचर भाजीवालीशी कन्नडात बोलायच्या, रिक्षावाल्याशी दखनीत, माझ्याशी मराठीत. रागवायच्या मात्र सगळ्यांवर मराठीतच.

त्यांना जपानचं वेड होतं. जपानला त्या कधी गेल्या नव्हत्या आणि घरात जपानी वस्तू म्हणावी अशी एकही नव्हती. सगळं वेड त्यांनी गावच्या मालावर भागवलं होतं. चहा गवती, अंगणातला. तो प्यायची वाटी कुंभाराकडून मुद्दाम करून घेतलेली, बिनकानाची आणि जरा तिरकी. ती दोन्ही हातांनी धरायची, थोडी फिरवायची आणि मग तोंडाला लावायची.

"फिरवायची कामून?" मी विचारलं. चार दिवसांत माझंही बोलणं तिकडं झुकलं होतं, उदगीर काही फार लांब नाही.

"वाटीच्या चांगल्या बाजूला आपलं तोंड लागू न्हाई म्हणून. ती बाजू समोरच्याला दिसू द्यायची."

माझ्या वाटीची चांगली बाजू कुठली, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आपली अंदाजाने फिरवायची.

पहिल्या आठवड्यात माझ्या खोलीच्या कोनाड्यात मला कचरा सापडला. मातीच्या थाळीत एक ज्वारीचं कणीस, तुरीची एक वाळकी तुराटी आणि खाली एकुलता झेंडू. मी तो उचलून बाहेर टाकला. दुसऱ्या दिवशी तसाच कचरा परत आला, फक्त तुराटी दुसऱ्या अंगाला कललेली. तोही टाकला. मग पुन्हा आला, आणि मी हरले. ती जपानी पुष्परचना आहे हे मला दूधवाल्यानेच सांगितलं. त्याच्याही घरी एक होती म्हणे, पण ती म्हशीनं खाल्ली.

पुढे आई उदगीरहून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "अगं, ही काडी इथं कशाला ठेवलीस? चुलीत घाल की." टीचर दारातच होत्या. त्यांनी आईला "अक्का, जरा बसा" म्हणून खाली फरशीवर बसवलं, आणि "आता बगा. बोलू नका" असं सांगितलं. माझ्या आईला न बोलता बसवणं ही काही सोपी गोष्ट नाही. ती बसली, बघत राहिली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "आमच्या बांधावरची वाटायलीय." आता उदगीरला टीव्हीशेजारी एक तुराटी असते. मी कुणाला बोलू?

वाकण्याचं मात्र निराळं होतं. त्यात टीचर कुणालाही सूट देत नसत. पेन्शनसाठी बँकेत आल्या की काउंटरपुढे वाकायच्या, आणि आतला माणूस उठून वाकेपर्यंत मागची रांग ताटकळायची. आमचे मॅनेजर वैतागले. मला म्हणाले, तुमच्या मालकीणबाईंना सांगा, चार लोकांसारखा हात जोडून नमस्कार करा म्हणावं. हे सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून ते स्वतःच केबिनमधून बाहेर आले. टीचर त्यांच्यापुढे वाकल्या. मॅनेजर उभे. टीचर वाकलेल्या. सगळी बँक बघायला लागली, शिपायाने शिक्का हवेत धरला. शेवटी मॅनेजर इकडेतिकडे बघत वाकले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी ते नंतर आलेल्या प्रत्येक पेन्शनर म्हाताऱ्यापुढे वाकत होते. एकदा वाकल्यावर त्यांना थांबता येईना.

"टीचर, समोरचा वाकलाच नाही तर?" मी एकदा विचारलं.

"तर माझी कंबर दुखती." त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "हे बग. माझा आजा पाटलाला जोहार घालायचा. कमरेतून वाकून. पाटील काय परत वाकायचा न्हाई. धम्म घेतला तवा आमच्या लोकांनी ते वाकनं सोडलं. बरं झालं सोडलं. जपानात दोगंबी वाकतात. एकट्यानं वाकलं की जोहार, दोगं वाकले की नमस्कार. फरक येवढाच हाय, आन येवढा हाय." आणि त्यांनी दोन्ही हात जेवढे पसरतील तेवढे पसरले.

सगळ्या भालकीत त्या फक्त एका माणसापुढे वाकत नसत. ते त्यांचे थोरले भाऊ, अण्णा. अण्णा भालकीजवळच्या मेहकरला, त्यांच्या मूळ गावी, शेती करायचे. महिन्या-दोन महिन्यांनी हरभरा, ज्वारी, गूळ असं काहीतरी पोत्यात घालून बसने यायचे. ताठ चालायचे. बसायचेही ताठ. त्यांना बहिणीचं वाकणं अजिबात पटत नसे.

"आपल्या मानसास्नी सरळ उभं राह्यला किती पिढ्या लागल्या," ते म्हणायचे. "आन तू दूधवाल्यापुढं वाकायलीस."

"त्योबी वाकतो की, अण्णा."

"वाकू दे. म्या न्हाई वाकनार."

"नको वाकू." आणि टीचर त्यांच्यासमोर ताठ उभ्या राहायच्या. त्यांना ते जड जायचं, हात मांड्यांकडे जायचे आणि परत यायचे. पण अण्णांना नको असलेलं त्या करत नसत. अण्णांवर त्यांचा फार जीव होता. शेत विकायची वेळ आली तरी चालेल, पण बहीण शिकली पाहिजे, असं म्हणून त्यांनीच तिला शिकवलं होतं.

तुरी निघाल्या की टीचरांचा जपानी मेळा असायचा. गावातला हॉल घ्यायच्या आणि बाहेर स्वतः रंगवलेली पाटी लावायच्या, 'सर्वांना खुले'. मराठीत, कन्नडात आणि उर्दूत. कशाला खुले, हे खाली बारीक अक्षरात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारात गर्दी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, "जपानी कुटंय?"

"जपानी मानूस न्हाई," टीचर प्रत्येकाला समजावून सांगत होत्या. "जपानी काम हाय. बसा, हात धुवा."

आत सतरंज्या अंथरलेल्या. एका कोपऱ्यात कागद दुमडून करकोचे करायचे. दुसऱ्यात दिव्याच्या काजळीची शाई आणि शेळीच्या केसांचे कुंचले. एकाच फटक्यात बांबू काढायचा, पुन्हा गिरवायचं नाही. तिसऱ्यात फुलं आणि काड्या. एका हवालदाराने टोपी काढून बाजूला ठेवली आणि जीभ बाहेर काढून करकोचा केला. बचत गटातल्या बायकांनी एका फटक्यात असा बांबू काढला की टीचर काही बोलल्याच नाहीत, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे पैकीच्या पैकी. 

मेळ्याला प्रमुख पाहुणा नसे. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, पहिल्या रांगेत सोफा नाही, कारण रांगच नाही. आपल्याकडे अशा कार्यक्रमाला लोक कार्यक्रम मानत नाहीत. त्या वर्षी एक नगरसेवक माणसं घेऊन आला आणि दारात उभा राहिला, कुणीतरी खुर्ची आणील म्हणून. टीचर त्याच्यापुढे वाकल्या. तो जुना विद्यार्थी, त्याला माहीत होतं, तो लगेच वाकला. मग म्हणाला, "टीचर, दोन शब्द बोलू का?"

"बोल की. पन आदी करकोचा कर."

नगरसेवकाचा करकोचा काही केल्या होईना. भाषणाचं तो विसरून गेला. शेवटी जे झालं ते कोंबडीसारखं होतं, पण त्याने ते खिशात जपून ठेवलं आणि जाताना दारातून ओरडला, "बायकूला दावतो!"

"सगळ्यांना खुलं म्हंजे सगळ्यांना," टीचर सतरंज्या गुंडाळताना मला म्हणाल्या. "मोठ्यालाबी. त्याला बिचाऱ्याला बाकीकडं कुटं खाली बसायला मिळतंय?"

मी तिथे असतानाच ढोलाचं प्रकरण उद्भवलं. टीचर मागे बोधगयेला जाऊन आल्या होत्या, विहारातल्या बायकांबरोबर. तिथे त्यांनी जपानी लोकांचा मोठा ढोल ऐकला होता, माणसाच्या कमरेएवढा, दोन्ही हातांत सोटे घेऊन वाजवायचा. तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यात बसला होता. मग अण्णांच्या शेतातला जुना आंबा वादळात पडला. टीचरांनी त्याचा बुंधा मागितला. अण्णांनी विचारलं, "कशाला?" टीचर म्हणाल्या, "मेळ्याला लागतोय." अण्णांना वाटलं, बाकडं करणार. गल्लीत सगळ्यांना त्यांनी सांगितलं की माझ्या आंब्याच्या बाकड्यावर आता भालकी बसणार आहे. स्वतः टेम्पोत घालून बुंधा पाठवला, भाडंही घेतलं नाही.

टीचरांनी तो बिदरला नेला. तिथे मोहरमचे ताशे-ढोल करणारे एक चाचा होते. त्यांनी बुंध्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मॅडम, ये ढोल बनाना है की इसमें रहना है?" पण हाताला कारागिरी होती. बुंधा आतून कोरला, दोन्ही तोंडांना म्हशीचं कातडं ताणून लोखंडी खिळ्यांनी ठोकलं. घरी आणल्यावर ढोल बैठकीच्या खोलीत मावला, पण मग बैठकीला जागा राहिली नाही. टीचरांनी बाभळीच्या सोट्याने एकच ठोका दिला. वरच्या मजल्यावर माझ्या पायाखालची फरशी थरथरली, आणि माझा आवाज करणारा पंखा चक्क क्षणभर ऐकू येईनासा झाला.

त्याच आठवड्यात अण्णा आले. खांद्यावर ज्वारीचं पोतं. "बाकडं कुटंय?" म्हणत आत आले आणि थबकले.

"हे काय हाय?"

"ढोल. जपानी ढोल हाय, अण्णा."

"ढोल ढोलच आसतोय. त्याला जपानी आन काय." त्यांनी पोतं ओट्यावर उतरवलं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अप्पानं हलगी नदीत टाकली तवा म्या त्यांचं बोट धरून हुतो. परत कातड्याला हात लावनार न्हाई म्हनले. आन तू माज्याच आंब्याला कातडं घातलीस."

"अण्णा, ऐक तरी..."

अण्णा ऐकायला थांबले नाहीत. चहाही न घेता परत गेले. पोतं ओट्यावरच राहिलं.

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. मेहकरात काही सांगायचं झालं की अप्पांना बोलावणं यायचं. कुणी मेलं, कुणाचं लग्न निघालं, वसुलीचा माणूस आला, हलगी घेऊन अप्पांनी गावभर दवंडी पिटायची. ताप असो, घरात मयत असो, नाही म्हणायची सोय नव्हती. धम्म घेतला त्या दिवशी त्यांनी हलगी नदीत टाकली आणि आयुष्यात पुन्हा कातडं वाजवलं नाही. हे मला टीचरांनी त्या संध्याकाळी सांगितलं, ढोलाकडे पाठ करून.

अण्णा यायचे बंद झाले. फोन उचलायचे, पण बायकोकडे द्यायचे. टीचरांनी घरात एक लाकडी खुर्ची वेगळी काढून ठेवली, अण्णांसाठी. तिच्यावर कुणालाही बसू देत नसत. सगळ्यांना सगळं खुलं असणाऱ्या त्या घरात तेवढी एक खुर्ची राखीव होती.

पुढच्या मेळ्याच्या वेळी हॉलची दुरुस्ती निघाली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी करा. टीचर म्हणाल्या, "मेळा मेहकरला घिऊ. अण्णा हिकडं येत न्हाई, तर मेळा तिकडं जाईल." आणि ढोल? ढोलही न्यायचा. अण्णांनी एकदा ऐकावा, मग हवं तर नदीत टाकावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मला काळजी वाटली. अण्णा त्यांच्या गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे. ते आले नाहीत तर गल्ली येणार नाही, आणि गल्ली आली नाही तर टीचरांच्या मेळ्याला त्यांचीच माणसं नसतील. पण सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मेहकरला गेले.

चावडीपुढची मोकळी जागा मागायची होती. पंचायतीचा मेंबर तिथेच बसला होता. आनंदी माणूस. त्याने जागा लगेच दिली, चहा मागवला, आणि टाळी वाजवून म्हणाला, "एकदम झ्याक! आन टीचर, ढोल तुमच्यापाशी हायच की. तुमच्या गल्लीतलं कुनीतरी धरा आन दवंडी द्या गावात. जुन्या वानी! लोकास्नी मज्जा येईल."

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. त्याच्या ध्यानातही आलं नसेल. पण चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यांतल्या एकाने तोंड दुसरीकडे केलं. टीचरांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ढोल येनार न्हाई. बाकीचं येईल. कागद, शाई, फुलं." आणि निघाल्या. कुणापुढेही वाकल्या नाहीत.

बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. भालकी जवळ आल्यावर म्हणाल्या, "अण्णाच बरोबर हाय गं. ढोल बगितला की लोकास्नी आमचीच गल्ली आटवती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला माझ्या जिन्याशी आला. चेहरा पडलेला. "मॅडम, टीचर आज वाकल्या न्हाईत. म्या एकटाच वाकलो. त्यांस्नी बरं न्हाई का?" बैठकीच्या खोलीत ढोलावर वाकळ टाकलेली होती. मला फार वाईट वाटलं. ज्या बाईने बँकेच्या मॅनेजरला वाकवलं, तिचं वाकणं एका वाक्याने बंद केलं होतं.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी फाटक वाजलं. अण्णा. ताठ. आत आले आणि वाकळ टाकलेल्या ढोलाशेजारी उभे राहिले. टीचर मला म्हणाल्या, "चहा ठेव गं," आणि मी स्वयंपाकघरात गेले, पण दार उघडंच होतं. त्या घरात दारं उघडीच असायची.

"मेंबर आल्ता माज्याकडं," अण्णा म्हणाले. "बहीन रागावली, तुमी समजवा म्हनला."

"मग?"

"म्या म्हनलं, गावात सांगायचं आसंल तर तूच हिंड. तुलाबी तोंड हाय." मग त्यांनी वाकळीकडे पाहिलं. "ढोल बंद कामून केलीस?"

"तूच म्हनलास की."

"म्या म्हनलो तवा न्हाई केलीस बंद. त्यो म्हनला तवा केलीस."

मी चहाच्या वाट्या घेऊन बाहेर आले. अण्णांनी आपली वाटी दोन बोटांनी धरून संशयाने पाहिली आणि न फिरवता एक घोट घेतला.

"बोदगयेला एक म्हातारी भेटली हुती," टीचर हळूच म्हणाल्या. "जपानची. ढोल वाजवनाऱ्या लोकांबरुबर आलेली. त्यांच्यातल्या एका पोरीला हिंदी येत हुती, तिनं सांगितलं. म्हातारीचा आजा ढोलाला कातडं चढवायचा. त्यांचं घर गावाच्या भाईर. देवळात ढोल त्यांचा, पन त्यांची पोरगी कुनी करून घ्यायचं न्हाई. जपानात, अण्णा. म्या म्हनलं, आमचंबी तसंच. म्हातारी माजा हात धरून बसली, सोडंचना."

अण्णांनी वाटी खाली ठेवली. "मग ती कामून वाजवती?"

"वाटतंय म्हनून. बोलावनं येतंय म्हनून न्हाई."

"आन ज्याला वाटत न्हाई त्यानं?"

"त्यानं बसायचं." टीचरांनी ती राखीव खुर्ची दाखवली. "अप्पाला कुनी म्हनलं हुतं का कदी, आज नको वाजवू, बस म्हनून? म्या म्हनते. सगळ्यांना खुलं म्हंजे हेबी."

अण्णांनी खुर्चीकडे पाहिलं. बसले नाहीत. उरलेला चहा उभ्यानेच संपवला आणि पहिल्या गाडीने परत गेले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. टीचरांनी मात्र संध्याकाळी ढोलावरची वाकळ काढली, आणि सकाळी दूधवाला वाकला तेव्हा त्याच्याआधी वाकून उभ्या होत्या.

मेळ्याच्या दिवशी टेम्पोत ढोल, सतरंज्या, कागद, मी आणि दूधवाला. खुर्ची टीचरांच्या मांडीवर. मेहकरच्या वेशीवरच मेंबर दिसला. मोटारसायकलवर, घसा बसलेला. चार दिवस तो स्वतः गावभर ओरडून सांगत होता, "जपानी मेळा, सगळ्यांना खुला!" नुसत्या तोंडाने. टीचर टेम्पोतून उतरून त्याच्यापुढे वाकल्या. त्याला कुणीतरी आधीच शिकवलं असावं, कारण तो मोटारसायकलवर बसूनच वाकायला गेला आणि गाडीसकट कलला. लोकांनी धरलं.

ढोल चावडीपुढे ठेवला. नियम एकच. ज्याला वाटेल त्याने रांगेत यायचं, आपला ठोका झाला की मागच्यापुढे वाकायचं, त्याने परत वाकायचं, सोटे द्यायचे. गल्लीतली माणसं लांब उभी होती. त्यांची नजर ढोलाकडे नव्हती, अण्णांच्या घराकडून, विहारावरून येणाऱ्या वाटेकडे होती. टीचर सतरंजीवर कुणाला तरी करकोचा शिकवत होत्या, आणि त्यांची घडी पुन्हापुन्हा चुकत होती.

अण्णा आले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा. कुणाशी न बोलता सरळ खुर्चीपाशी गेले आणि बसले. हात मांडीवर. ताठ. वाजवायला उठणार नाहीत हे कळत होतं, पण ते बसले होते. मग गल्ली आली.

पहिला ठोका गल्लीतल्या एका आजीने दिला, काठी टेकत येऊन. "एवढाच का?" म्हणून स्वतःच दुसरा दिला. तिच्यामागे मेंबरचा नंबर होता. आजी त्याच्याकडे वळली आणि वाकली, जेवढी कंबर वाकू देईल तेवढी. मेंबर तिच्यापुढे तिच्याहून खाली वाकला. चावडीपुढे, दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर. आजीने त्याच्या हातात सोटे दिले. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच शाई ढवळत बसले. दूधवाला तर उघडच रडत होता.

दुपारभर ढोल वाजला. कुणी हळू, कुणी जोरात, एका सुनेने सासू बघतेय म्हणून एकदा आणि सासू वळल्यावर पुन्हा एकदा. अण्णा शेवटपर्यंत बसून होते. कुणी त्यांना बोलावलं नाही, आग्रह केला नाही. टीचरांनी तर एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे अण्णा बघत असताना पाहिलं नाही.

उन्हं कलली. सतरंज्या गुंडाळल्या, करकोचे पोरांनी नेले. दूधवाल्याने टेम्पोचं मागचं फळकूट खाली सोडलं आणि ढोलाला हात घातला.

"थांब," अण्णा म्हणाले. खुर्चीतून उठून आले. कातड्याला त्यांनी हात लावला नाही. मधल्या लाकडावर तळवा ठेवला, जिथे सालीखालच्या रेषा अजून दिसत होत्या, आणि तसाच ठेवून उभे राहिले. मग बहिणीला म्हणाले, "आंबा माजा हाय. माज्या घरी राहील. कुनाला वाटलं तर यील आन वाजवंल. दवंडीला मातर देनार न्हाई."

"नको दिऊस," टीचर म्हणाल्या. हात मांड्यांकडे गेले आणि सवयीने परत आले.

अण्णांनी ते पाहिलं. धोतराचा सोगा खोचला. "बगत काय उभारलीस? धर ती बाजू."

दूधवाला पुढे झाला होता, त्याला मी दंडाला धरून मागे ओढलं. टीचर ढोलाच्या एका अंगाला गेल्या, अण्णा दुसऱ्या. ढोल जड होता, ताठ उभं राहून उचलण्यासारखा नव्हताच. दोघं एकमेकांसमोर वाकले.